आधी ‘दिलेले’ लिहा

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’ असा विषय समितीने मला दिला होता. वाटचाल काही फार सांगण्यासारखी नाही. इंजिनीअरिंग झालं, पुण्याला नोकरी लागली, वीस-बावीस वर्षं बँकांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहिते आहे. म्हणून विषय जरा बदलून घेतला. मी आज ग्राफिक्स कार्ड कसं निवडावं यावर बोलणार आहे. हसू नका. या सभागृहातल्या निदान सहा जणांनी गेल्या पाच वर्षांत मला हाच प्रश्न फोनवर विचारला आहे, आणि त्यांतल्या एकाला मी चुकीचं उत्तर दिलं. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याची परवानगी घेऊनच सांगते.

आपण या शाळेत होतो तेव्हा गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला तो वेगळा झाला. त्या काळात शाळेतल्या एकुलत्या एक संगणकाच्या खोलीत आपण चपला बाहेर काढून जायचो आणि सर त्याच्यावरचं कापड बाजूला करायचे. त्या पडद्यावर एक रेघ उमटली तरी आपण टाळ्या वाजवायचो. आज आपलीच मुलं घराचं, यंत्राच्या भागाचं, पितळी भांड्याचं त्रिमितीय मॉडेल घरात बसून बनवतात. म्हणून हा प्रश्न आता गावागावांत येतो: पोरीला कोणतं कार्ड घेऊन देऊ?

२०२२ च्या डिसेंबरात या मित्राचा फोन आला. मुलगी नागपूरला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तो म्हणाला, “तू कॉम्प्युटरवाली आहेस ना बाई, पोरीले कोणतं कार्ड घेऊन देऊ ते सांग. धान विकले आहेत, पैसे हातात आहेत तोवर घेऊन टाकतो.” मी ऑफिसात होते, मीटिंग सुरू व्हायची होती. मी विचारलं, “बजेट किती?” तो म्हणाला, “पन्नासपर्यंत.” मी पाच मिनिटांत एका कार्डाचं नाव कळवून टाकलं. त्या किमतीत गेम खेळायला सगळ्यात वेगवान असं ते कार्ड होतं. त्याने दुसऱ्याच दिवशी नागपूरहून आणलं.

त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २०४० रुपये होता. पन्नास हजार भागिले २०४०. साडेचोवीस क्विंटल धान. हा हिशेब मी तेव्हा केला नाही, नंतर केला.

मुलीचा प्रकल्प पवनीचा होता. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून प्राचीन स्तूप उजेडात आणला, हे आपल्याला सहलीत सांगितलं होतं. त्या टेकडीजवळ येणाऱ्यांसाठी माहिती केंद्र कसं असावं, तिथून वैनगंगेच्या घाटापर्यंत वाट कशी असावी, असा तिचा आराखडा होता. विटांचा स्तूप, जुनी तटबंदी, झाडं, पायऱ्या, पाणी, सगळं तिने ब्लेंडर या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उभं केलं. सहा मोठी चित्रं आणि एक मिनिटाची फिल्म करायची होती.

सादरीकरणाला आठ दिवस राहिले असताना रात्री साडेअकराला तिचा फोन आला. “आत्या, रेंडर सुरूच होत नाही. मेमरी पुरत नाही म्हणते.”

इथे थोडं सोपं करून सांगते, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे.

मॉडेलिंग आणि रेंडरिंग ही दोन वेगळी कामं आहेत. मॉडेलिंग म्हणजे वस्तू घडवणं: भिंत ओढा, खिडकी कापा, कडा गोल करा. यातला पुष्कळसा हिशेब एकापाठोपाठ एक असा चालतो, आणि तो मुख्य प्रोसेसर करतो. कार्डाचं काम तेव्हा पडद्यावर वस्तू फिरवून दाखवण्याचं. रेंडरिंग म्हणजे घडवलेल्या वस्तूवर उजेड पाडून तिचं खऱ्यासारखं चित्र काढणं. उजेड कुठून आला, कशावर आपटला, कुठे गेला, हे चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी मोजायचं. १९२० गुणिले १०८० च्या एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा हिशेब शेजारच्यावर फारसा अवलंबून नसतो, त्यामुळे सगळे एकदम करता येतात.

आपल्याकडच्या माणसांना हे रोवणीच्या उदाहरणावरून लगेच कळतं. मुख्य प्रोसेसर म्हणजे घरातली आठ-दहा हुशार, कोणतंही काम येणारी माणसं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे रोवणीला आलेल्या हजारो बाया. त्यांना एकच काम येतं, पण सगळ्या एका वेळी वाकतात आणि बघता बघता बांधी हिरवी होते. पुष्कळ लहान हातांनी मोठं काम उरकायचं ही कल्पना आपल्याला परकी नाही. अकोला जिल्ह्यात जन्मलेले आणि नागपूरला इंजिनीअर झालेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला, तो याच तत्त्वावर. एक भला मोठा प्रोसेसर न घेता अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडले. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ २०२० मध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, आणि त्याचा जोर ग्राफिक्स प्रोसेसरवरच आहे.

पण रोवणीच्या बायांना पऱ्हे हाताशी लागतात. बाया कितीही चपळ असोत, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत पोचल्याच नाहीत तर त्या नुसत्या उभ्या राहतील. कार्डाचं तसंच. चित्रातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक विटेचा पोत, प्रत्येक पान आधी कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत भरावं लागतं. सगळं मावलं तर काम सुरू. नाही मावलं तर काही प्रोग्रॅम जास्तीचा भाग संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवून रखडत काम करतात, आणि काही सरळ थांबतात. मी सांगितलेलं कार्ड चपळ होतं, पण त्याची मेमरी होती ८ जीबी. पवनीचं दृश्य त्यात मावत नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघींनी फोनवर हिशेब मांडला. ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचं एक पोताचं चित्र घ्या. एका ठिपक्याला ४ बाइट. गुणाकार केला की बरोबर ६४ एमबी होतात. फाइल डिस्कवर ५ एमबीची दिसते, कारण ती तिथे दाबून ठेवलेली असते; कार्डात ती बहुतेक वेळा उलगडूनच ठेवावी लागते. एका पृष्ठभागाला अशी चार चित्रं: रंग, चकाकी, खडबडीतपणा, उंचसखलपणा. असे वीस पृष्ठभाग म्हणजे ऐंशी चित्रं. ऐंशी चोकटी नाही, ऐंशी गुणिले चौसष्ट: ५१२० एमबी. ५ जीबी तर विटा, दगड आणि मातीनेच खाल्ले होते. त्यावर झाडं. चाळीस झाडं, आणि प्रत्येक झाड तिने स्वतंत्र प्रत काढून ठेवलेलं.

मग दुरुस्ती. लांबच्या भिंतीवरच्या विटा चित्रात बोटाएवढ्या दिसत होत्या. त्यांना एवढं मोठं पोत कशाला? लांबी-रुंदी निम्मी केली की मेमरी पाव होते. सगळीच चित्रं निम्मी केली असती तर ५ जीबीचे सव्वा झाले असते. तिने फक्त लांबची केली. झाडांसाठी एकच झाड साठवून बाकी ठिकाणी त्याच्याकडे बोट दाखवायची सोय असते, ती वापरली. चाळीस झाडांची जागा एकदोन झाडांवर आली. तरी घाटाचं एक दृश्य मावेना. ते मुख्य प्रोसेसरवर टाकलं, कारण संगणकाची मेमरी ३२ जीबी होती. एका चित्राला पूर्ण रात्र लागली.

सहापैकी चार चित्रं झाली. फिल्म राहूनच गेली. ती पास झाली, चांगली पास झाली. पण घाटावरून टेकडीकडे चालत जाताना स्तूप हळूहळू कसा दिसू लागतो, हेच तिला दाखवायचं होतं, आणि ते चार स्थिर चित्रांत दिसलं नाही. तिच्या वडिलांनी मला आजवर एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. म्हणून मीच सांगते आहे.

माझं चुकलं कुठे? त्याच किमतीत किंवा त्याहून कमीत जास्त मेमरीचं कार्ड तेव्हा बाजारात होतं. उघड माहिती आहे: आरटीएक्स ३०७० हे कार्ड २०२० चं, त्यात ५८८८ गणन-केंद्रं आणि ८ जीबी मेमरी, अमेरिकेतली जाहीर किंमत ४९९ डॉलर. आरटीएक्स ३०६० हे २०२१ चं, त्यात ३५८४ केंद्रं, पण १२ जीबी मेमरी, आणि किंमत ३२९ डॉलर. दोन्ही कार्डं चांगलीच. लहान दृश्यासाठी पहिलं सरस, मोठ्या दृश्यासाठी दुसरं. कोणतं घ्यावं हे कार्डाच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते कामावर लिहिलेलं असतं, आणि मी काम विचारलंच नाही.

गणिताचे सर इथे बसले आहेत. सर, आठवतं? शाब्दिक उदाहरण सोडवताना तुम्ही आधी ‘दिलेले’ आणि ‘काढायचे’ असे दोन मथळे लिहायला लावायचे. सूत्र आधी लिहिलं की उत्तर बरोबर असलं तरी अर्धा गुण कापायचे. मला तेव्हा तो अर्धा गुण अन्याय वाटायचा. त्या डिसेंबरात मी सूत्र आधी लिहिलं. ‘दिलेले’ मध्ये फक्त बजेट होतं.

दोन वर्षांनी तसाच दुसरा फोन आला. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या सासरी भांड्यांचा धंदा आहे. भंडारा आणि पितळ हे नातं तुम्हाला काय सांगायचं! तिच्या मुलाने लोटे, गुंड, समया यांची मॉडेलं बनवली होती. फोटो काढण्याऐवजी संगणकावरच चित्रं करून मालाची यादी छापायची होती. तो म्हणाला, “मावशी, सोळा जीबीचं कार्ड घेऊ का?” त्याला कुठून तरी पवनीची गोष्ट कळली होती. या वेळी मी म्हटलं, “कार्ड राहू दे. आधी तुझी फाइल पाठव.”

फाइल उघडली. लोटा म्हणजे एक वक्ररेषा मधल्या आसाभोवती फिरवलेली. त्याला पोत जवळजवळ नाही, पितळेचा एकच रंग आणि चकाकी. बत्तीस भांडी मांडली तरी एक जीबीसुद्धा भरत नव्हता. त्याची अडचण मेमरीची नव्हतीच. पितळेवर उजेड एका भांड्यावरून दुसऱ्यावर आणि परत पहिल्यावर आपटत राहतो, आणि चित्रात पांढरे कण राहतात. ते घालवायचे तर प्रत्येक ठिपक्यासाठी अधिक किरणं सोडावी लागतात. यातलं गणित सरांच्या आवडीचं आहे: कणकण वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होते. निम्मी करायची तर किरणं चौपट, आणि वेळही चौपट. अशा ठिकाणी दुप्पट वेगाचं कार्ड घेतलं तरी फरक वाटतो त्याहून कमीच. उलट ब्लेंडरमध्ये २०१७ पासून कण साफ करायची सोय आहे. ती त्याने चालू केली, किरणं बेताची ठेवली, चित्रं रात्रभर लावून दिली. त्याला नवीन कार्ड लागलंच नाही. त्या पैशांत त्याने काय घेतलं ते मी विचारलं नाही.

तर तोच प्रश्न, पण दोन घरांची दोन उत्तरं. यावरून मी स्वतःपुरती एक पाटी करून ठेवली आहे. कोणी फोन केला की आधी एवढं विचारते.

पहिलं, प्रोग्रॅम कोणता, आणि त्याचं शेवटचं चित्र कोण काढतं? कोरोना नावाचा रेंडरर आहे, तो मुख्य प्रोसेसरवरच चालतो. तिथे महाग कार्ड घेऊन चित्र लवकर निघणार नाही. तो पैसा प्रोसेसरला लावा. ल्युमियन, एनस्केप यांचा सगळा भार कार्डावर. ब्लेंडरचा सायकल्स आणि व्ही-रे दोन्हीकडे चालतात. कुडा नावाच्या पद्धतीवर लिहिलेले प्रोग्रॅम फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालतात, तेव्हा दुसऱ्या कंपनीचं कार्ड स्वस्त मिळत असलं तरी आधी हे तपासा. यंत्राचे भाग काढायच्या काही कॅड प्रोग्रॅमना तर व्यावसायिक कार्डंच मान्य असतात. त्या प्रोग्रॅमच्या कंपनीची यादी असते, ती वाचा.

दुसरं, तुमचं सगळ्यात जड काम किती मेमरी खातं? हे अंदाजाने सांगू नका. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी किती भरली ते दिसतं. फाइल चालू ठेवून बघा. आकड्यावर निम्मी भर घाला, कारण पुढच्या वर्षीचं काम याहून मोठं असेल. दोन कार्डं लावली तर मेमरीची बेरीज होईल असं धरू नका. बहुतेक वेळा प्रत्येक कार्डात पूर्ण दृश्य वेगवेगळं मावावं लागतं.

तिसरं, नाव सारखं म्हणजे माल सारखा नव्हे. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीत आलं, आणि २०२२ च्या शेवटी त्याच नावाने ८ जीबीतही आलं. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय दोन्ही ८ आणि १६ जीबीत निघाली. पावतीवर नावापुढे मेमरीचा आकडा लिहून घ्या.

चौथं, वीज आणि ऊन. कार्डाला लागणारे वॅट आणि तुमच्या संगणकाचा पॉवर सप्लाय जुळतो का? एका मिनिटाच्या फिल्मला सेकंदाला २५ प्रमाणे १५०० चित्रं लागतात. एका चित्राला दोन मिनिटं धरली तर ५० तास. ४०० वॅटने ५० तास म्हणजे २० युनिट वीज. आणि या ५० तासांत आपल्याकडे लाइट एकदाही जाणार नाही असं कोण म्हणेल? म्हणून फिल्म थेट फिल्मच्या फाइलीत काढू नका. सुटी सुटी चित्रं साठवा आणि शेवटी जोडा. लाइट गेली तर एकच चित्र वाया जाईल, बाकीची शाबूत राहतील. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा कार्ड तापून आपणच वेग कमी करतं. त्या दिवसांत रात्री काम लावणं हेच शहाणपण.

पाचवं, विकत घेण्याआधी आपली स्वतःची फाइल घेऊन कोणाच्या तरी संगणकावर चालवून बघा. बैल घेताना आपण जुंपून बघतो. साडेचोवीस क्विंटलचं कार्ड नुसत्या दातांवरून घेऊ नये.

आणि सहावं माझ्यासारख्यांसाठी. संगणकाचं काम करणाऱ्या माणसाला सगळेच संगणक कळतात असं गावाला वाटतं, आणि गावाने तसं मानलेलं आपल्यालाही आवडतं. मला बँकेच्या व्यवहारातलं कळतं. तेव्हा रेंडरिंगमधलं कळत नव्हतं. “मला दोन दिवस दे, विचारून सांगते” एवढं एक वाक्य मी म्हटलं असतं तर ती फिल्म झाली असती. आपल्यावर विश्वास ठेवणारा माणूस पन्नास हजार रुपये आपल्या एका शब्दावर खर्च करतो. मीटिंगला पाच मिनिटं उशीर झाला असता तर माझं काही बिघडलं नसतं.

ती मुलगी आता नागपूरला नोकरी करते. तेच कार्ड अजून वापरते. मागच्या महिन्यात तिने एका घराच्या अंगणाचं चित्र मला पाठवलं. खाली लिहिलं होतं, “आत्या, साडेसहा जीबी. मावलं.” पवनीची फाइल तिने जपून ठेवली आहे. फिल्म कधीतरी करणार म्हणते.

जेवण तयार आहे असं मागून खुणावत आहेत. जेवणानंतर मी व्हरांड्यात बसेन. ज्यांना पोरांसाठी कार्ड घ्यायचं आहे त्यांनी जाहिरातीचं पान घेऊन येऊ नका. पेन ड्राइव्हवर कामाची फाइल घेऊन या, किंवा पोरालाच फोन लावून द्या. आधी ‘दिलेले’ लिहू, मग बघू. सर, या वेळी अर्धा गुण कापू नका.